मण्यारीच्या दंशात आधी पापण्या का मिटतात?

पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते ती बहुतेक वेळा उंदीर, पाल किंवा दुसऱ्या एखाद्या सापाच्या मागावर. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाचा हात झोपेत तिच्या अंगावर पडतो आणि ती चावते. दात इतके बारीक, की पुष्कळांना जागही येत नाही. डास किंवा मुंगी चावली असेल असे वाटून माणूस कुशीवर वळतो. चावल्या जागी सूज नाही, रक्त नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते. घरचे रात्री काय खाल्ले होते ते आठवू लागतात, कुणीतरी ओवा चावायला देते. मग पापण्या जड होतात, समोरच्या एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकातून येऊ लागतो, मान सावरत नाही. शेवटी छाती हलेनाशी होते.

या सगळ्या काळात त्या माणसाचा मेंदू शाबूत असतो. त्याला ऐकू येते, कळते. मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो आणि चेतातंतूंतून घशापर्यंत, श्वासपटलापर्यंत पोहोचतो. स्नायूही ठीक असतो. त्याला थेट विजेचा झटका दिला तर तो आकसून दाखवेल. बिघाड असतो तो या दोघांच्या मधे, सुमारे ५० नॅनोमीटर रुंदीच्या एका फटीत. एका मिलीमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक, एवढी ती फट. नागाचे विष, मण्यारीचे विष, कपाशीवर फवारायची कित्येक कीटकनाशके, ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारी औषधे, सुरकुत्या घालवणारे बोटॉक्स, ही सगळी मंडळी या फटीच्या अल्याड, पल्याड किंवा आतच काम करतात. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला या फटीची जेवढी नीट ओळख, तेवढे त्याचे रुग्ण वाचण्याची शक्यता जास्त, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आधी हुकूम फटीपर्यंत येतो कसा ते पाहू.

पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचे मूळ शरीर कमरेच्या जरा वर, मज्जारज्जूत असते. मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढेसुद्धा नाही. पण तिचा एक तंतू तिथून निघतो तो मीटरभर अंतर कापून थेट पावलात उतरतो. या तंतूतून वीज वाहते असे आपण सर्रास म्हणतो, पण तारेतून वाहते तशी नव्हे. तारेत इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतात. इथे तंतूच्या लांबीच्या दिशेने फार काही जात नाही. जे होते ते आडवे, पेशीच्या आवरणातून आतबाहेर.

प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातला एक प्रथिनांचा पंप सतत तीन सोडियम आयन बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली हा पंप खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला. त्यासाठीचे नोबेल त्यांना मिळाले १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. पंपाने जमवलेला हा साठा आणि आवरणातून हळूहळू बाहेर झिरपणारे पोटॅशियम यांमुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. ७० मिलिव्होल्ट म्हणजे फारच किरकोळ वाटते. पण आवरणाची जाडी सात नॅनोमीटर धरून हिशेब केला तर तो दाब सेंटीमीटरला एक लाख व्होल्ट एवढा भरतो. शांत बसलेल्या पेशीतही ताण असतो तो असा.

हुकूम सुटतो तेव्हा तंतूच्या एका जागी हा ऋणभार थोडा कमी होतो. तो साधारण उणे ५५ च्या उंबरठ्यापर्यंत आला की आवरणातले सोडियमचे मार्ग एकदम उघडतात, सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन ३० च्या आसपास जाते. लगेच ते मार्ग मिटतात, पोटॅशियमचे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि सगळे पूर्ववत. हा सारा प्रकार एक-दोन मिलिसेकंदांत उरकतो. पण तेवढ्यात शेजारच्या जागेचा भार उंबरठ्यापर्यंत ढकललेला असतो, मग तिथे हेच घडते, मग त्याच्या पुढे. मागे फिरता येत नाही, कारण नुकतीच उघडून मिटलेली जागा काही काळ पुन्हा उघडत नाही. आणि अर्धवटही होत नाही: उंबरठा ओलांडला तर पूर्ण संदेश, नाही तर काहीच नाही. जोर लावून मूठ आवळताना प्रत्येक संदेश मोठा होत नसतो. संदेश जास्त वेळा येतात आणि जास्त पेशी कामाला लागतात.

हे गणित मांडले ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी, इंग्लंडमध्ये, माकूल म्हणजे स्क्विड या समुद्री प्राण्यावर. माकूलाच्या अंगातला एक चेतातंतू जवळजवळ अर्धा ते एक मिलीमीटर जाड असतो, त्यामुळे त्याच्या आत बारीक तार घालून मोजमाप करता येते. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी पहिले मोजमाप घेतले, काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झाले, आणि पूर्ण सिद्धांत छापून आला तो १९५२ मध्ये. माणसाचे हालचालीचे तंतू माकूलाच्या तंतूच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक, तरी त्यांत संदेश दुपटीने वेगात धावतो, सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहूनही जास्त. कारण आपल्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टण असते आणि संदेश वेष्टणातल्या एका खंडापासून पुढच्या खंडापर्यंत उड्या घेत जातो. हे वेष्टण किंवा तंतू शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात सापडले तर काय होते ते पुण्याने २०२५ च्या जानेवारीत पाहिले. सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे अशा हल्ल्यातून होणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले तेव्हा पायांतली ताकद जाणे हे त्यांतल्या अनेकांचे पहिले लक्षण होते. तिथे बिघाड वाटेत होता. मण्यारीच्या रुग्णात वाट ठीक असते, मुक्कामावर घोळ असतो.

आता फट.

तंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मधे जागा असते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेकांना मान्य झाले होते, पण ती जागा संदेश ओलांडतो कसा यावर अक्षरशः दोन तट होते. एक म्हणे, ठिणगी पलीकडे जाते. दुसरा म्हणे, काहीतरी रसायन सुटते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांना या प्रश्नावरचा प्रयोग स्वप्नात सुचला, असे त्यांनीच पुढे सांगितले. रात्री उठून त्यांनी कागदावर काहीतरी खरडले आणि सकाळी त्यांना आपलेच अक्षर लागेना. पुढच्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचले, तेव्हा मात्र ते सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदये घेतली. एकाला त्याचा वेगस चेतातंतू जोडलेला, दुसऱ्याला नाही. पहिल्याचा तंतू विजेने चेतवला, हृदयाचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव काढून दुसऱ्यावर घातला. त्याचेही ठोके मंदावले. दुसऱ्या हृदयाला तंतू नव्हता, वीज दिली नव्हती. द्रवातून काहीतरी गेले होते. हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते काहीतरी म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन असल्याचे पुढे ठरले. १९३६ चे नोबेल लोवी आणि लंडनचे हेन्री डेल यांना विभागून मिळाले. दोन वर्षांनी ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेल्यावर लोवींना अटक झाली, आणि नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला.

पण हृदयाचे झाले म्हणून हातापायाच्या स्नायूचे तसेच असेल असे नाही. हात झटकन मागे घेताना रसायन सुटायला, पसरायला वेळ कुठे असतो, हा ठिणगीवाल्यांचा सवाल रास्त होता. त्याचे उत्तर डेल यांनी विल्हेल्म फेल्डबर्ग आणि मार्थे फोख्ट यांच्याबरोबर १९३६ मध्येच दिले. हे दोघेही नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले. फेल्डबर्ग यांनी येताना एक युक्ती आणली होती: जळूच्या पाठीचा स्नायू. त्याला एसेरिन नावाचे औषध लावले की तो अ‍ॅसिटिलकोलिनच्या अगदी लेशमात्रानेही आकसतो. चेतवलेल्या स्नायूतून बाहेर येणारा द्रव या जळूच्या स्नायूवर सोडला, तो आकसला, आणि निकाल लागला. ठिणगीवाल्यांचे पुढारी जॉन एकल्स तरीही पुढे पंधरा वर्षे भांडत राहिले आणि १९५१ मध्ये स्वतःच्याच प्रयोगाने त्यांचे मत बदलले. असे मत बदलणारा शास्त्रज्ञ मला नेहमीच नोबेलवाल्यापेक्षा मोठा वाटतो. एकल्स यांना दोन्ही जमले, ही गोष्ट वेगळी.

वेळ कुठे असतो या सवालाचे उत्तरही इथेच आहे. ५० नॅनोमीटर पोहायला अ‍ॅसिटिलकोलिनला सेकंदाचे काही लाखांश भाग पुरतात. सगळी देवघेव धरून जेमतेम एक मिलिसेकंद जातो.

त्या मिलिसेकंदात नेमके काय होते? तंतूच्या टोकात अ‍ॅसिटिलकोलिनने भरलेल्या हजारो सूक्ष्म पिशव्या असतात. एकेका पिशवीत काही हजार ते दहा हजार रेणू. संदेश टोकाशी आला की तिथले कॅल्शियमचे मार्ग उघडतात. कॅल्शियम आत आले की काठाशी तयार ठेवलेल्या काही पिशव्या आवरणाला चिकटतात, फुटतात आणि माल फटीत ओततात. हे माप पिशवीच्या हिशेबाने असते, दीड किंवा पावणेदोन पिशव्या कधीच नाहीत, हे दाखवले बर्नार्ड कॅट्झ आणि पॉल फॅट यांनी लंडनमध्ये १९५० च्या सुमारास. बेडकाच्या स्नायूत, काहीही संदेश नसताना, त्यांना अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासच्या नन्ह्या लहरी अधूनमधून दिसत होत्या. दुसऱ्या कुणी त्या उपकरणातला दोष म्हणून सोडून दिल्या असत्या. त्यांनी ओळखले की एखादी पिशवी चुकून आपली आपणच फुटते आहे. माणसात एका संदेशाला वीस ते पन्नास पिशव्या रित्या होतात.

पलीकडच्या काठावर स्नायूच्या आवरणात रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनला धरणारी प्रथिने, दाटीने बसलेले असतात, एका चौरस मायक्रॉनमध्ये दहा हजारांच्या आसपास. एका रिसेप्टरला दोन रेणू चिकटले की त्याच्या मधोमध मार्ग उघडतो, सोडियम स्नायूत शिरते आणि स्नायूच्या आवरणावर नवा संदेश पेटतो. आणि लगेच साफसफाई. फटीत अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे एन्झाइम पसरलेले असते; त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो अ‍ॅसिटिलकोलिन तोडतो. तुटलेल्यातले कोलिन तंतूचे टोक परत उचलते आणि पुन्हा वापरते. ही सफाई नसती तर एक हुकूम संपायच्या आत दुसरा मिसळला असता आणि टाइप करणे, तबला वाजवणे, बोलणे यांतले काहीच जमले नसते.

यातली एक बाब लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. निरोगी माणसात ही व्यवस्था गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल सोडते आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त रिसेप्टर बाळगते. साधारण तीन-चतुर्थांश रिसेप्टर निकामी होईपर्यंत स्नायूची ताकद कमी झाल्याचे कळतही नाही. त्यानंतर मात्र उतार भराभर लागतो. विषबाधा झालेला माणूस बराच वेळ बरा दिसतो आणि मग पाहता पाहता ढासळतो, तो याच कारणाने. दवाखान्यातून त्याला लवकर घरी पाठवणे किती धोक्याचे ते यावरून समजावे.

स्नायूच्या आवरणावर पेटलेला संदेश स्नायूच्या पोटात कसा उतरतो, हेही मोठे देखणे आहे. आवरणाला जागोजागी आत गेलेल्या नळ्या असतात. संदेश त्या नळ्यांतून खोल जातो. नळ्यांना लागूनच कॅल्शियमच्या बंदिस्त साठ्यांच्या भिंती असतात. नळीतल्या प्रथिनाला भार बदलल्याचे कळते, ते साठ्याचा मार्ग उघडते आणि कॅल्शियम स्नायूभर पसरते.

स्नायूच्या तंतूत दोन जातींचे धागे एकाआड एक लावलेले असतात: जाड मायोसिनचे, बारीक अ‍ॅक्टिनचे. १९५४ साली एकाच अंकात दोन स्वतंत्र जोड्यांनी, एकीकडे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन, दुसरीकडे अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क, एकच गोष्ट सांगितली: स्नायू आकसतो तेव्हा यांतला कोणताही धागा आखूड होत नाही, ते फक्त एकमेकांवरून सरकतात. (दोन हक्सलींचे नाते काही नव्हते.) मायोसिनच्या धाग्यावर शेकडो डोकी असतात. प्रत्येक डोके अ‍ॅक्टिनला धरते, पाच ते दहा नॅनोमीटर ओढते, सोडते, पुढे जाऊन पुन्हा धरते. रस्सीखेचीत गडी दोर धरून ओढतात, हात सोडून पुढे धरतात, पण सगळे एकदम सोडत नाहीत म्हणून दोर मागे जात नाही, तसेच हे. विश्रांतीत अ‍ॅक्टिनच्या पकडीच्या जागा एका प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या शेजारच्या प्रथिनाला चिकटले की ते झाकण बाजूला होते; ही कडी जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात जोडली. कॅल्शियम पंपाने साठ्यात परत गेले की झाकण पुन्हा बसते आणि स्नायू सैल पडतो.

दहा सेंटीमीटर लांबीच्या तंतूत असे सव्वादोन मायक्रॉनचे सुमारे ४५ हजार खंड ओळीने असतात. प्रत्येक खंड एक-दशांश मायक्रॉन आकसला, तरी बेरीज साडेचार मिलीमीटर होते. नॅनोमीटरच्या ओढीतून हात वर जातो तो या बेरजेने.

डोके अ‍ॅक्टिन सोडते ते एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, नवा रेणू मिळाल्यावर. म्हणजे ऊर्जा लागते ती पकड सोडायला सुद्धा, निव्वळ ओढायला नव्हे. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठतो त्याचे कारण हेच: एटीपी संपले, डोकी जिथे धरून होती तिथेच अडकली. पुढे प्रथिनेच तुटू लागली की ताठरपणा जातो.

एक चेतापेशी किती तंतूंना हुकूम देते ते स्नायूगणिक बदलते. पोटरीत हजार-दोन हजार, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत दहाच्या आसपास. डोळ्याचे आणि पापणीचे स्नायू जागेपणी अखंड राबतात, फार वेगाने येणारे संदेश पाळतात आणि त्यांच्या फटींतली शिल्लक बाकी स्नायूंच्या मानाने तुटपुंजी असते. मण्यार चावल्यावर आधी पापण्या का, याचे उत्तर इथे आहे. विष सगळ्या शरीरात सारखेच पसरते, पण ज्यांची शिल्लक कमी त्यांचे दिवाळे आधी निघते. श्वासपटलाची शिल्लक बऱ्यापैकी असते, म्हणून ते मागून जाते. पापण्या मिटू लागल्या की डॉक्टर श्वासाकडे का पाहू लागतात, ते आता सांगायला नको.

नाग आणि मण्यार यांच्या दंशात रुग्ण बाहेरून पुष्कळसा सारखा दिसतो. नागाच्या दंशात जागेवर सूज आणि वेदना असते, मण्यारीच्या नसते, एवढा एक फरक. फटीत मात्र दोघांचे काम वेगळे आहे. नागाच्या विषातली मुख्य चेताविषे पलीकडच्या काठावर जाऊन रिसेप्टर अडवून बसतात. अ‍ॅसिटिलकोलिन येते, पण त्याला जागा मिळत नाही. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे हेच करते. क्युरारे स्नायूला किंवा तंतूला न मारता दोघांमधला दुवा तोडते हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात बेडकांवर दाखवून दिले, आणि १९४२ पासून माँट्रियलमध्ये ते भुलेच्या वेळी स्नायू सैल करायला वापरले जाऊ लागले. त्याने शुद्धही हरपते का, हा वाद मिटवण्यासाठी १९४७ मध्ये अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी स्वतःला पूर्ण लुळे करून घेतले. श्वास कृत्रिम, बोट हलेना, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता, टोचलेले दुखत होते. आपल्या वॉर्डातल्या सर्पदंशाच्या रुग्णाच्या उशाशी बसून काय बोलावे आणि काय बोलू नये, हे ठरवताना हा प्रयोग आठवावा.

नागाच्या बाबतीत एक वाट उरते. जागा थोड्या मोकळ्या असतील तर अ‍ॅसिटिलकोलिन जास्त काळ फटीत टिकवले, की त्याला जागा मिळण्याची संधी वाढते. म्हणून डॉक्टर सर्पविषविरोधी लशीबरोबर निओस्टिग्मिन देतात, ते सफाईच्या एन्झाइमला काही वेळ थोपवते. कधी कधी मिनिटांत पापण्या उघडतात. हीच कल्पना १९३४ मध्ये लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये मेरी वॉकर यांनी लढवली होती. मायस्थेनियाचे रुग्ण संध्याकाळी जास्त थकतात, पापण्या गळतात, हे चित्र क्युरारेसारखे दिसते, मग क्युरारेचा उतारा देऊन पाहावा, एवढाच त्यांचा तर्क. उतारा म्हणजे एसेरिनचाच भाऊबंद, फायसोस्टिग्मिन. खरे तर तेच औषध, दुसऱ्या नावाने. रुग्णाची पापणी उचलली गेली. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच रिसेप्टरवर उठलेली असते, हे सिद्ध व्हायला १९७३ उजाडले.

मण्यारीचे विष मुख्यतः अलीकडच्या काठावर जाते. त्यात रिसेप्टर अडवणारी विषेही असतात, पण खरा घात करते ते तंतूच्या टोकाचे आवरण कुरतडणारे एन्झाइम. पिशव्या भराभर रित्या होतात, नव्या भरल्या जात नाहीत आणि काही तासांत टोकच नष्ट होते. आता निओस्टिग्मिन काय टिकवणार? फटीत माल येतच नाही. लसही झालेले नुकसान भरून काढत नाही. रक्तात अजून फिरणारे विष ती निकामी करते, म्हणून ती लवकर द्यायची. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते, घोड्यांच्या रक्तातून तयार केलेली. मण्यारीच्या तैवानमधल्या एका बहिणीच्या विषातून १९६३ मध्ये चांग आणि ली यांनी बंगारोटॉक्सिन वेगळे काढले. त्यातला रिसेप्टरला सुटता सुटत नाही असा चिकटणारा भाग हाती धरूनच पुढे शास्त्रज्ञांनी रिसेप्टर वेगळा काढला, तोही विजेचा झटका देणाऱ्या माशातून. ज्या विषाने माणूस मरतो त्यानेच त्याच्या मृत्यूचे ठिकाण दाखवले.

कीटकनाशकांची गोष्ट नेमकी उलट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या वर दगावले. फवारणीतल्या मिश्रणांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी ऑर्गनोफॉस्फेट गटातली नावे होती. ही रसायने कातडीतूनही शिरतात, आणि सफाईच्या एन्झाइमला धरतात ते निओस्टिग्मिनसारखे काही वेळापुरते नव्हे. अ‍ॅसिटिलकोलिन फटीत साचत जाते. स्नायू आधी उडू लागतात, कातडीखाली वळवळ दिसते, मग सतत हुकूम ऐकून ते प्रतिसाद द्यायचेच थांबतात आणि लुळे पडतात.

पण अ‍ॅसिटिलकोलिन काही फक्त स्नायूंत नाही. लोवींच्या बेडकाचे हृदय आठवा: तेच रसायन हातात स्नायू आकसवते आणि हृदयात ठोके मंदावते, कारण दोन्हीकडचे रिसेप्टर निराळे. म्हणून रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, छातीत पाणी घरघरते, नाडी मंद होते. अ‍ॅट्रोपिन या दुसऱ्या जातीचे रिसेप्टर अडवते आणि छाती कोरडी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. स्नायूतल्या रिसेप्टरला ते हातही लावत नाही. त्यामुळे घाम थांबला, लाळ आटली, नाडी सुधारली, नातेवाइकांच्या जिवात जीव आला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मानेचे आणि श्वासाचे स्नायू गळाले, असे घडते. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी या टप्प्याला स्वतंत्र नाव दिले, तोवर तो अनेकांच्या नजरेतून निसटत होता. डॉक्टर रोज सकाळी रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगतात ती तपासणी याच्यासाठी. एन्झाइम सोडवणारे पाम हे औषधही देतात, त्याच्या उपयोगाबद्दल मात्र डॉक्टरांत मतभेद आहेत.

बोटुलिनम आणि धनुर्वात यांचे जंतू एकाच घराण्यातले, विषेही सख्खी भावंडे: दोन्ही विषे पिशव्यांना आवरणाला चिकटू देत नाहीत. बोटुलिनम हे स्नायूच्या फटीशी करते, म्हणून लुळेपणा. त्याचाच अत्यल्प डोस म्हणजे बोटॉक्स. धनुर्वाताचे विष तंतूतून उलटे चढून मज्जारज्जूत जाते आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींना गप्प करते, म्हणून शरीर धनुष्यासारखे ताणले जाते.

परत मण्यारीच्या रुग्णाकडे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अंदाज आहे. मण्यारीच्या रुग्णाबाबत सगळ्यात चीड आणणारी बाब ही, की त्याचा आजार आपला आपण बरा होणारा आहे. चेतातंतूची नष्ट झालेली टोके पुन्हा फुटतात, पिशव्या भरतात, फटी पूर्ववत चालू होतात. त्याला काही दिवस, क्वचित काही आठवडे लागतात. तोवर फक्त कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा असतो: व्हेंटिलेटरने, आणि तो मिळेपर्यंत अ‍ॅम्ब्यू बॅग हाताने दाबत. अशा रुग्णाच्या बाहुल्या कधी कधी पसरलेल्या असतात, उजेडाला हलत नाहीत, हाक मारली तर बोटही हलत नाही, आणि मेंदू मृत झाला असे समजून आशा सोडली जाण्याचा धोका असतो. बाहुली आकसवणारा स्नायूही अ‍ॅसिटिलकोलिनवरच चालतो, म्हणून मण्यारीच्या दंशात तिच्यावरून मेंदूचा निर्णय करायचा नसतो. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, एवढे दोन एकत्र दिसले तर चावल्याची खूण शोधत वेळ न घालवता १०८ ला फोन करून, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयातच न्यावे, आणि वाटेत त्याला पाणीसुद्धा पाजू नये. गिळायचे स्नायू तोवर गेलेले असतात.